मगदूम आण्णांचा कायदा

मगदूम आण्णा भाजीवालीशीसुद्धा कलमं पाडून बोलतात. "कलम एक, मेथी ताजी पायजे. कलम दोन, वर कोथिंबीर. पोटकलम अ, कोथिंबिरीचं पैसं मिळणार न्हाईत." भाजीवाली मुकाट्याने कोथिंबिरीची काडी पिशवीत टाकते. कलम तीन सुरू झालं की आपली दुपार गेली, हे तिला अनुभवाने कळलेलं आहे.

आण्णा माझे घरमालक. त्यांच्या घराखालच्या गाळ्यात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. ते मूळचे जयसिंगपूरकडचे जैन. उद्यमनगरात त्यांचा लेथचा कारखाना होता, तो आता पुतण्या बघतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा अभय बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. सून तिथलीच एका कंपनीत, नात तिथल्याच शाळेत. वर चार खोल्या आणि त्यात एकटे आण्णा.

आमच्याकडची माणसं निवृत्त झाली की रंकाळ्यावर फिरायला जातात. आण्णांनी कायदा करायला घेतला. राज्य सरकारने तंत्रज्ञान उद्योगासाठी स्वतंत्र कायदा करावा, त्यात पुण्या-मुंबईबाहेरच्या शहरांना जागा, वीज, इंटरनेट आणि करात सवलत मिळावी, आणि ती द्यायची की नाही हे कुणाच्या मर्जीवर राहू नये, ही त्यांची मागणी. मी एकदा म्हटलं, आण्णा, सरकारचं धोरण असतं की तसं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"वैनी, धोरण म्हंजे पावण्याला 'कवा तरी जेवायला या' म्हणणं. कायदा म्हंजे ताट वाढून बसवणं."

आण्णांशी वाद घालणारे बहुतेक असेच जेवणाच्या उदाहरणापाशी गप्प होतात.

कोल्हापुरात दोन माणसं एका प्रश्नावर चिडली की कृती समिती निघते. आण्णा एकटेच चिडले होते, पण समिती निघायची थांबली नाही. लेटरहेड माझ्याच दुकानात झालं. निमंत्रक म्हणून त्यांचं नाव, खाली सहनिमंत्रक म्हणून माझं. मला न विचारता माझं नाव कसं घातलं म्हणून मी तणतणले, तर म्हणाले, महिलांचं प्रतिनिधित्व नको व्हय? शेजारच्या तालमीचे वस्तादही सदस्य झाले. आयटी म्हणजे काय ते वस्तादांना आजही नक्की सांगता येणार नाही, पण फोटोत समिती भरल्यासारखी दिसायला ते एकटे पुरतात.

पहिल्या बैठकीत वस्ताद म्हणाले की ती कंपनीतली पोरं दिवसभर खुर्चीवर बसून वाळतात, त्यांना व्यायामाची सोय पाहिजे. आण्णांनी लगेच पेनाचं टोपण काढलं. "मसुद्यात घालूया."

हे त्यांचं पेटंट वाक्य. वीज गेली, मसुद्यात घालूया. रस्ता उकरून ठेवलाय, मसुद्यात घालूया. मी एकदा सहज म्हटलं की झेरॉक्सचा कागद हल्ली पातळ येतो, तर तेही कुठल्याशा अनुसूचीत गेलं. मसुदा फुगत चालला. तो टाइप करणारी मी, त्यामुळे फुगणं मला बोटांच्या सांध्यांत कळायचं.

आण्णा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. कलेक्टर कचेरीसमोरचं आमचं धरणंसुद्धा त्यांनी ऊन कलायच्या आत आवरतं घेतलं. वार्ताहर कॅमेरा घेऊन आला तेव्हा आण्णा सतरंजीची घडी घालत होते. तो म्हणाला, दहा मिनिटं बसा, बातमी होईल. आण्णा म्हणाले, बातमी उद्या बी हुईल, सूर्य थांबायचा न्हाई. बातमी झाली नाही ती नाहीच.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आण्णांनी कधी लपवलंही नाही. कायदा झाला की कंपन्या येणार, कंपन्या आल्या की अभय येणार. जयसिंगपूरच्या एखाद्या लग्नात कुणी विचारलं, मुलगा कधी येतोय हो गावाकडं, की आण्णा सरकारवर घसरायचे. एवढी हुशार पोरं, आणि सरकार एक कायदा करत नाही. मग पंगतीतली सगळीच सरकारवर घसरायची आणि मठ्ठ्याची वाटी थोडी जास्त फिरायची.

दर रविवारी सकाळी अभयचा फोन येतो. वरच्या मजल्यावर आवाज तुटतो म्हणून आण्णा माझ्या दुकानात येऊन बसतात आणि फोन स्पीकरवर टाकतात. नात दोन शब्द इंग्रजीत, एक कानडीत बोलते आणि पळते. मग अभय विचारतो, "आण्णा, कायद्याचं कुठवर आलं?" इथून पुढे बापलेकांची गाडी रुळावर येते. आण्णा वीजदराचं कलम वाचून दाखवतात, अभय त्यात दुरुस्ती सुचवतो, आण्णा ती अमान्य करतात. दोघेही खूश असतात. हा कायद्याचा विषय नसता तर ही दोन माणसं तब्येत आणि पाऊस एवढ्यावर उरकून मोकळी झाली असती.

आणि मग एक दिवस आण्णांचं ऐकून घेणारा आमदार भेटला.

आमदार नवे होते, वयाने तरुण होते. विश्रामगृहावर आमचं शिष्टमंडळ गेलं. आण्णांनी रिवाजाप्रमाणे आधी शाल घातली, नारळ दिला, वस्तादांनी फेटा बांधला, आणि मग निवेदन. अशा वेळी साहेब निवेदन पीएकडे देतात, पीए ते शालीखाली ठेवतो, आणि शाल गाडीच्या डिकीत जाते, ही आमची आजवरची माहिती. या आमदारांनी ते उघडलं. वाचलं. दोन प्रश्न विचारले, तेही नेमके. सरकारच्या मनात असलंच काहीतरी घाटतंय, म्हणाले. मी पुढच्या अधिवेशनात विधेयक मांडतो, मंत्र्यांशी बोलणं झालंय, ते सरकारचं म्हणून पुढे नेतील. फक्त एवढं लांबलचक नको, आठवड्याभरात आटोपशीर करून द्या.

वस्तादांनी तिथेच घोषणा दिली. मला, खोटं कशाला बोलू, गहिवरून आलं. येताना रिक्षात आण्णा गप्प होते. आनंदाने माणूस गप्प होतो, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी ते नवीन कलमं घेऊन आले. जोतिबाच्या यात्रेला कंपन्यांना सक्तीची सुट्टी. मी म्हटलं, आण्णा, आटोपशीर करायचंय. ते म्हणाले, हे ऱ्हायलंच हुतं. त्यानंतर नृसिंहवाडीला पूर आला की कंपनीने होड्या द्याव्यात, असं एक निघालं. मग सगळ्या तालुक्यांत जाऊन लोकांचं मत घेतल्याशिवाय मसुदा अंतिम होऊ शकत नाही, असा ठराव त्यांनी मांडला आणि स्वतःच एकमताने मंजूर केला. पीएचा फोन दुकानात आला की आण्णा मला खुणेने सांगायचे, मी बाहेर गेलोय म्हणा. आठवडा उलटला. पीएने निरोप ठेवला की सोमवारपर्यंत कागद आला नाही तर यंदाचं अधिवेशन हुकेल. मला काही समजेना. ज्या दारावर हा माणूस इतकी वर्षं धडका मारत होता ते उघडल्यावर हाच उंबऱ्यात बसला होता.

त्याच आठवड्यात कुणाच्या तरी लग्नासाठी अभय आला. एकटाच, दोन दिवसांसाठी. वरचं नेट त्या दिवशी चालेना म्हणून लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानात आला. कानाला ते यंत्र लावून माझ्या झेरॉक्स मशीनशेजारी स्टुलावर बसला आणि दुपारपर्यंत कुठल्या कुठल्या माणसांशी इंग्रजीत बोलत राहिला. मी चहा दिला आणि विचारलं, सुट्टी नाही का मिळाली? तो म्हणाला, सुट्टी कशाला काकू, काम कुठूनही चालतं. कोरोनापासून आमच्याकडे तसंच आहे, महिन्यातनं एकदा तिकडं तोंड दाखवलं की झालं.

बोलून गेला आणि त्याच्या लक्षात आलं. माझ्याही.

"काकू," तो कानाचं यंत्र काढून म्हणाला, "आण्णांना सांगू नका."

मी त्याचा कप उचलला. रागच आला होता मला. म्हणजे कायदा नको, सवलत नको, कंपनी नको. हा पोरगा वर माडीवर बसून नोकरी करू शकत होता, आणि त्याचा बाप उन्हात सतरंजी टाकून सरकारकडे मागत होता काय, तर याला घरी आणायची सोय. पुढे तो बरंच सांगत राहिला. बायकोची नोकरी, पोरीची शाळा, तिथले मित्र. खोटं त्यातलं काहीच नव्हतं. तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढून उगाच मशीन पुसत बसले.

अभय परत गेला आणि रविवारी सकाळी नेहमीसारखा फोन झाला. "कुठवर आलं, आण्णा?" "चाललंय, तालुक्याची मतं मागवतोय." फोन ठेवून आण्णांनी खिशातून आणखी एक कागद काढला. माझा संयम संपला. मी म्हटलं, मी हे टाइप करणार नाही. उद्या कागद द्यायचाय. इथल्या पोरांना कामं मिळणार आहेत त्या कायद्याने, आणि तुम्हीच आडवे पडलाय. आणि अभयचं म्हणाल तर, असं म्हणून मी थांबले. अभयला शब्द दिला नव्हता, पण दिल्यासारखाच होता.

आण्णांनी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली.

"त्येला कुठनं बी काम करता येतंय, हेच न्हवं?"

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"दिवाळीत आला हुता तवा खाटंवर बसून हापिस केलं त्येनं आठवडाभर. लेथवर आयुष्य गेलं वैनी माझं. मशीन चालू हाय का बंद, एवढं मला कळतंय की."

मग एवढं सगळं कशाला, असं मी विचारलं. आवाज माझा चढला असावा, कारण त्यांनी आधी बाहेर कुणी आहे का ते बघितलं.

"सुरवातीला खरंच त्येच्यासाठी काढलं हुतं. मागनं कळलं. तवर लोकास्नी सांगून बसलो हुतो, कायदा न्हाई म्हणून पोरगा येत न्हाई. लोक सरकारला शिव्या देत्यात. सरकारला काय, सवय हाय. माझ्या पोराला कुणी नावं ठेवली तर मला सोसत न्हाई." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "त्येचं तिथं बरं चाललंय. येत न्हाई म्हंजे वाईट हाय, असं थोडंच हाय? पण हे कुणाकुणाला पटवून सांगू मी. आता कायदा झाला, तर काय सांगू, वैनी?"

मला फार वाईट वाटलं. रागावले होते त्याचंही आणि गप्प राहिले त्याचंही. इतक्या बैठका, इतकी कलमं, त्या सगळ्यांआड हा माणूस आपल्या पोराला लोकांच्या बोलण्यापासून लपवत होता, आणि त्या पोराला वाटत होतं की आपणच बापाला सांभाळून घेतोय.

चहा मागवला. चहा संपल्यावर आण्णांनी मसुदा समोर ओढला आणि जोतिबाच्या यात्रेवर काट मारली. मग होड्यांवर. मग तालुक्यांच्या मतांवर. वस्तादांच्या व्यायामाशी पेन अडखळलं, पण तेही गेलं. आमदारांनी सांगितल्यासारखा आटोपशीर मसुदा झाला, आणि मी तो त्यांच्या समोर टाइप केला.

"दुसऱ्यांची पोरं तरी येतील की," आण्णा म्हणाले. "समद्यांचीच काय तिकडं बायकापोरं रमल्यात असं न्हाई."

सोमवारी सकाळी त्यांनी स्वतः जाऊन कागद दिला. पोच आणली, मला दाखवली आणि दुकानातल्या स्टुलावर बसले. उन्हातून आल्यामुळे दमले होते. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, वैनी, एक नवं लेटरहेड करायचंय.

मी विचारलं, आता कशाचं?

"विमानाचं. बेंगळुरूचं विमान सोयीच्या येळंला पायजे. येळ सोयीची न्हाई म्हणून माणूस यायला बघत न्हाई. लोकास्नी पटण्यासारखं हाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"आणि आण्णा, ती वेळही बदलली तर?"

"वैनी, कोल्हापुरात मागण्या कमी हायत व्हय?"

मी कॉम्प्युटर चालू केला आणि नव्या समितीचं नाव काय घालायचं ते विचारलं.