बटणांच्या दुकानावर कोणता शब्द चढला

"काळं मागितलं होतं, हे निळं आलं पुन्हा," ऐसे शिंपी पुटपुटला, आणि तेही इतुके हळू की काउंटरावरील टेपासही ऐकू न जावे, मग इकडे तिकडे पाहोन त्याने निळे रीळ मुकाट खणात परत ठेविले, आणि काळे उचलोन, बहुत संतोष जाहल्याचा आव आणोन निघोन गेला. या कुरकुरीपासोन पुढील मोहीम उद्भवली. ज्यांनी ती डोळां पाहिली त्यांचे मुखे ऐकोन, पदरचे तिखटमीठ होईल तितके कमी लावोन, हकीकत लिहिली आहे. वाचणारांनी हसावे, परंतु बेताने, कारण दोन्ही बाईसाहेब हयात असोन दोघींचेही कान शाबूत आहेत.

मजकूर ऐसा जे, बटणे, झिपा, लेस, हूक, अस्तर आणि रिळे यांची ही दौलत दोघी सख्ख्या बहिणींची. थोरल्या बाईसाहेब म्हणजे हुकूम आणि दरारा. धाकट्या बाईसाहेब म्हणजे रंग. गिऱ्हाइकाने चिंधी दाखवावी आणि धाकट्यांनी मान न वळविता त्याच रंगाचे रीळ पुढे सारावे, ऐसा लौकिक. परंतु अलीकडे त्यांचे नेत्र गनिमास फितूर जाहले. डॉक्टरांनी निर्वाळा दिला की गेला मुलूख परत येणे नाही, उरला तो राखावा. हे थोरल्यांस ठाऊक, भाचीस ठाऊक, गल्लीतील यच्चयावत शिंप्यांस ठाऊक, आणि धाकट्यांस तर सर्वांआधी ठाऊक. परंतु वाच्यता कोणाचीच नाही. शिंप्यांनी रिळे गुपचूप बदलोन घ्यावी, दुकान मिटतेसमयी थोरल्यांनी खण नव्याने लावावे, आणि सकाळी धाकट्यांनी म्हणावे, "बघ ताई, किती नीट ठेवते मी!"

मग थोरल्यांनी आपल्याशीच खलबत करोन दुकान उठविण्याचा मनसुबा केला, आणि कारण जाहीर केले ते आपल्या गुडघ्यांचे. गुडघ्यांस या कटाची खबर नव्हती. बाजार सारा इंग्रजी पाट्यांचा, तेव्हा आपलीही पाटी इंग्रजीच असावी ऐसे ठरोन, इंग्रजीच्या शिकवण्या घेणारी भाची तातडीने पाचारण केली, आणि रंगारी शिडी, डबा व कुंचला ऐशा सरंजामानिशी दाखल जाहला.

थोरल्यांचे फर्मान सुटले की शब्द ऐसा असावा, लोकांनी यावे, माल न्यावा, आणि का म्हणोन विचारू नये.

"मावशी, असा शब्द इंग्रजीत नाही," भाची म्हणाली. "आपल्यातही नाही."

प्रथम 'सेल' हा शिलेदार पुढे आला. थोरल्या खूष जाहल्या, आणि रंगाऱ्याने पहिले अक्षर ओढिलेही. परंतु भाचीने अर्ज केला की सेल म्हणजे चार दिवस भाव उतरणे, मग भाव पुन्हा घोड्यावर आणि दुकान जागचे जागी, आणि आपण तर कुलूप घालणार, तेव्हा मागाहोन येणारा दाराशी उभा राहोन आपणांस लबाड म्हणेल. सेल पडला. मग 'क्लिअरन्स' चाल करोन आला. भाचीने खुलासा केला की हा जुना माल झाडोन काढतो खरा, पण नव्यास जागा व्हावी म्हणोन. ते ऐकताच धाकट्यांचा चेहरा उजळला, आणि "नवीन लेस येणार? सांगायचं नाही का मला?" ऐसे त्या इतक्या उमेदीने बोलिल्या की थोरल्यांनी पाठ फिरवोन उगाच झिपा मोजावयास घेतल्या, आणि क्लिअरन्स न लढताच मोडला.

इतुक्यात शेजारचे जोडेवाले कुमक घेऊन आले. त्यांचे म्हणणे, 'शिफ्टिंग' लिहावे, वजनदार शब्द आहे.

"म्हणजे दुसरीकडे जातोय," भाची म्हणाली. "कुठे जातोय, काका?"

"ते नाही लिहायचं," जोडेवाले म्हणाले. "जागा उरत नाही पाटीवर."

रंगारी बोलिला की त्याची हरकत नाही, सेलाचा एस पुसला नव्हता, तो शिफ्टिंगास चालेल, आणि बाईंनी पुढेही ऐसेच नातलग शब्द निवडावे, रंग वाचतो. थोरल्यांनी त्याकडे ऐशा दृष्टीने पाहिले की कुंचल्याने आपणहोन डब्यात बुडी मारिली.

मग भाचीने निर्वाणीचे निशाण उभारिले. "मावशी, हे सगळे शब्द भाऊबंद वाटतात, पण माणसाला एकाच दारात सोडत नाहीत. आपल्या दारात सोडणारा एकच आहे. क्लोजिंग."

थोरल्यांनी पुसले की क्लोज्ड म्हटले तर? भाची म्हणाली, त्याने फक्त दार लागल्याचे कळते, सकाळी उघडेल ऐशी आशा राहते. आपणांस ती आशा ठेवावयाची नाही, आणि हे घडते आहे तोवरच सांगावयाचे आहे.

"क्लोजिंग लिहिलं की जो तो विचारणार, का म्हणून," थोरल्या म्हणाल्या.

"विचारू देत. तू गुडघे सांगणार आहेसच ना?"

रंगाऱ्याने शिडी चढोन क्लोजिंगाची अर्धी अक्षरे रेखाटिली, आणि चहाचे निमित्ताने तो खाली उतरला. तोच थोरल्यांचा धीर सुटला. त्यांनी ओले फडके खांद्यावर टाकिले, पदर खोचिला, आणि कोणी हां हां म्हणेतो त्या शिडीवर सरसर चढोन थेट वरच्या पायरीस पोहोंचल्या, आणि शब्द पुसो लागल्या. जोडेवाल्यांनी डोळे मिटिले. भाचीने किंकाळी दिली. धाकट्या मात्र चाचपडत पुढे आल्या आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरोन उभ्या राहिल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होण्याचा समय आला. ही फत्ते ना थोरल्यांची, ना भाचीची, ना इंग्रजीची. ज्यांस सर्व जण लढाईबाहेर ठेवू पाहत होते त्यांनी ती शिडीच्या पायथ्याशी उभे राहोन जिंकिली, आणि त्यांचे बोल पुढे कोणी फिरवू नयेत म्हणोन जैसेचे तैसे येथे दाखल केले आहेत:

"ताई, खाली उतर. गुडघे गेलेली बाई अशी चढत नाही. त्याला पुरं करू दे ते क्लोजिंग. आणि का म्हणून विचारलं कुणी, तर मी सांगेन. रोज बघते गं मी, डोळे फाडफाडून बघते. मला दिसत नाही."