उकंडरावांच्या खांद्यावरची झोप

एका रात्रीच्या जागरणाने धडधाकट माणसाला काही होत नाही, असे संघदीपचे ठाम मत होते, आणि ते तो शेलूबाजारच्या जीपस्टँडवर कोणी न विचारताही सांगत असे!

"झोप म्हंजे काय, राजेहो? गाडीतलं डिझेल! काटा खाली गेला तरी गाडी रिझर्ववर निंगतेच!"

त्यामुळे पुण्याकडे शर्यतीच्या गाड्यांचे टायर बदलणाऱ्या मामेभावाचा फोन आला, "येतं का बे? दिवस-रात गाड्या पयनार हायेत," तेव्हा त्याने मागचापुढचा विचार केला नाही. शर्यत शनिवारी दुपारी सुरू होऊन रविवारी दुपारी संपणार होती. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाले की सोमवारी सकाळी परत शेलूबाजार. आणि सोमवारीच तर खरे काम होते!

काम म्हणजे परीक्षा. धनजची सपना आणि मेडशीचा संघदीप यांनी कारंजाच्या एका लग्नात एकमेकांना पाहिले होते, पसंतही केले होते. दोन्हीकडच्या आयांचे बोलणे झाले होते. गाडी अडली होती ती सपनाच्या वडिलांपाशी. उकंडराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. जीप चालवणारा माणूस त्यांच्या हिशेबी ड्रायव्हरच नव्हता, नुसता हॉर्न वाजवणारा होता! संघदीपचा फोटो त्यांनी पाहिला होता, पण त्यात काळा चष्मा आणि जीपचे बोनेट एवढेच काय ते नीट दिसत होते. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितले, "घरदार मंग पाहीन. सोमवारी शेलूबाजारले उतरतो, तुमच्या पोराच्या गाडीत बसतो आन् मेडशीपर्यंत त्याचा हात पाह्यतो. जमला तं चहा घेईन. नाई तं आल्या पावली वापस!"

सपनाने गुपचूप ताकीद दिली होती, "बाबा दुसऱ्याच्या गाडीत कधी डोळा लावत नाई. वऱ्हाड झोपते, बाबा डायवरकडे पाहत बसते. जपून चालवा!"

एवढे असूनही संघदीप शर्यतीला निघाला, तेव्हा त्याची आई भागिरथाबाई दारात आडवी उभी राहिली.

"रातभर गाड्या पयतात, तं जातात कुठी?"

"कुठीच नाई व माय. गोल फिरतात. निंगल्या तेथीच येतात."

"मंग निंगतात कायले?"

त्याने पिशवी उचलली.

शर्यत मात्र जन्मभर पुरेल अशी निघाली! रात्रभर तो कठडा धरून उभा होता. गाडी यायच्या आधी आवाज यायचा, आवाजामागून दिवे, आणि दिवे दिसेपर्यंत गाडी गेलेलीसुद्धा असायची! त्याला सर्वांत आवडली ती ड्रायव्हरांची बदली. एक दमला की गाडी आत यायची, तो बाहेर, दुसरा आत, टायर बदलला की गाडी भुर्र! आणि उतरलेला गडी? तो मागच्या खोलीत जाऊन सरळ आडवा व्हायचा. त्या खोलीपुढून जाताना सगळे कुजबुजत बोलायचे.

"झोपनं हे बी त्यायचं कामच हाये," मामेभाऊ म्हणाला.

संघदीपला हसू फुटले. झोपेलाही काम म्हणणारी माणसे तो पहिल्यांदाच पाहत होता.

परतीच्या बसमध्ये डोळे मिटले की कानात गाड्या सुरू व्हायच्या. सोमवारी सकाळी तो मामेभावाने दिलेले टोपीचे लाल जाकीट घालून शेलूबाजारला उतरला, तेव्हा रिझर्वमधलेही डिझेल संपत आले होते. शर्यतीचे व्हिडिओ काढून काढून मोबाईल तर वाटेतच गतप्राण झाला होता.

आता स्टँडचा कायदा सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. तिथे गाड्या नंबराने लागतात. पुढची भरून गेली की मागच्या एकेक जागा पुढे. ड्रायव्हर चहाला गेला असो की आणखी कुठे, गाडी सरकलीच पाहिजे. म्हणून चावी गाडीलाच ठेवायची. आणि नंबर लागूनही ड्रायव्हर सापडला नाही, तर त्याच्या सोबत्याने गाडी काढायची, नंबर वाया जाऊ द्यायचा नाही! संघदीपची जीप त्याच्या जिवलग मित्राने, राजपालने, सकाळीच नंबरात लावून ठेवली होती. पुढे बऱ्याच गाड्या होत्या, उकंडराव यायलाही अवकाश होता.

"जराशी पाठ टेकतो," संघदीप स्वतःलाच म्हणाला. मधल्या सीटवर आडवा झाला, जाकिटाची टोपी डोक्यावर ओढली आणि माश्या नकोत म्हणून दुपट्टा तोंडावर घेतला.

काय झोप होती ती! चिखलात चाक रुतावे तसा तो तिच्यात आत आत गेला. बाहेर कंडक्टर ओरडत होते, भजी तळली जात होती, बकऱ्या भांडत होत्या. संघदीपला या जगाशी काही देणेघेणे उरले नव्हते. गाडी ढकलत ढकलत पुढे आली, तो तिच्यासोबत आला. एक बाई म्हणाल्या, "सरकून बसा ना भाऊ!" तो डोळे न उघडता उठून बसला, सरकला आणि बसल्या बसल्या पुन्हा गेला!

गाडी भरत आली, तेव्हा कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा घातलेले एक गृहस्थ मागच्या काचेवरचे, फोनवर खूण म्हणून सांगितलेले "भागिरथामाय" हे नाव दोनदा वाचून आत शिरले आणि संघदीपच्या शेजारी ताठ बसले. हेच उकंडराव!

"डायवर कुठी हाये?" त्यांनी विचारले.

"कोनाले मालूम! घंटाभर झाला बसून!" बाई म्हणाल्या.

"असे डायवर असले तं लोकायनं पायीच जावं!" मागून कोणीतरी बोलले.

"हं," संघदीपने झोपेतच मान हलवली.

राजपालने चहाचे ठेले पालथे घातले, फोन लावून पाहिला. बंद! जीपमध्ये डोकावला, तर लाल जाकिटातला कोणी परमुलखातला पॅसेंजर घोरत होता. 'पोट्टा दाढी कराले घरी पयाला असन. आज पाव्हने येनार त्याचे!' राजपालने अंदाज बांधला आणि मैत्रीला जागून स्टेअरिंगवर बसला.

राजपाल मनाने मोठा, पण त्याचा पाय एकदा ॲक्सिलरेटरवर पडला की उठत नसे. एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातात सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि बोट कायम हॉर्नवर! उकंडरावांनी सीटची दांडी घट्ट धरली. वळणावर त्याने ट्रक मागे टाकला. पुढे तर एका एसटीला चक्क डाव्या बाजूने मागे टाकले, आणि वर हात हलवून दाखवला! उकंडरावांचे तोंड त्यांच्या सदऱ्यापेक्षा पांढरे पडले. तेवढ्यात शेजारच्याचे डोके त्यांच्या खांद्यावर येऊन पडले.

"टायर बदला!" ते डोके म्हणाले.

"कोनाचं?"

उत्तरादाखल नुसते घोरणे आले. उकंडरावांनी ते डोके बाजूला सारले नाही. दमलेला माणूस त्यांना लगेच ओळखू यायचा. उलट ते त्याच्यापाशीच मन मोकळे करू लागले.

"झोपा भाऊ तुमी. तुमचं बरं हाये, तुमाले दिसून नाई राह्यलं. म्या सारं आयुष्य गाडी चालवली, पन असं जनावर नाई पाह्यलं!"

एका गतिरोधकावरून जीप उडाली आणि संघदीपचे डोके छताला जाऊन आदळले. डोळे उघडले तेव्हा कानावर शब्द पडत होते, "ह्या डायवरले माही सपना? अजिबात देत नाई!"

संघदीपने दुपट्ट्याच्या फटीतून पाहिले. गाडी आपली. स्टेअरिंगवर राजपाल. शेजारी सासरा. आणि सासऱ्याच्या खांद्यावर ओला डाग, तोही आपलाच! खरे सांगावे, तर परीक्षेला ड्रायव्हर झोपलेला. गप्प बसावे, तर राजपाल नापास होतो आणि सपना आपली जाते! त्याने मुकाट्याने पुन्हा डोळे मिटले. त्याला तेवढेच सुचले.

वाटेतले मालेगाव आले आणि उकंडराव गरजले, "थांबव रे! मले उतराचं हाये. येथूनच धनजची येष्टी पाह्यतो!"

ते उतरले. पाठोपाठ संघदीपने उडी मारली. टोपी मागे, दुपट्टा खाली!

"काकाजी! थांबा जी! संघदीप मी हाओ!"

राजपालचा खर्रा हातातून पडला. "अबे, तू गाडीत? मी तं तुले घरी समजून राह्यलो!"

"म्हंजे डायवर आपल्यातच होता?" बाई किंचाळल्या.

उकंडराव राजपालकडे बघत, संघदीपकडे बघत, शेवटी आपल्या खांद्याकडे बघत उभे राहिले.

"गाडी तुही, तं तू मागं काहून झोपला?"

थाप मारायची संधी होती. पण थाप मारायलाही माणूस ताजातवाना लागतो! संघदीपच्या तोंडून खरेच निघाले.

"शर्यत पाहाले गेलतो जी. दोन राती डोळ्याले डोळा नाई. जराशी पाठ टेकली आन् लागली झोप. लई मोठ्या गोष्टी करत होतो, झोपेले काई समजत नव्हतो. पन खरं सांगतो काकाजी, आज म्या गाडी चालवली असती, तं तुमाले कुठंतरी नेऊन आपटलं असतं."

राजपाल खाली पडलेल्या खर्ऱ्याकडे बघत राहिला.

"डेपोत आमी साहेबासंगं ह्या झोपेसाठीच भांडत होतो," उकंडराव म्हणाले. "डायवरले झोपाचं असन, तं मागच्या सीटवर झोपावं. पुढच्या सीटवर झोपला तं सारी गाडी झोपते! आता कसं हाये?"

"आता झोप झाली जी. तोंड धुतो, चहा पेतो, मंग हात लावतो."

"धू तोंड," उकंडराव म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

मालेगाव ते मेडशी एवढ्या जपून संघदीपने जन्मात गाडी चालवली नव्हती! खड्डा दिसला की आधीच गियर खाली, बैलगाडी दिसली की थांबून वाट. सुरुवातीला उकंडराव सूचना करत होते. "आरसा पाह्य." "क्लचवर पाय ठेवू नको." मग सूचना थांबल्या. संघदीपला घाम फुटला. बोलत नाहीत म्हणजे नापास! मान वळवून बघायचीही हिंमत होईना.

घरापुढे त्याने ब्रेक असा लावला की गाडी थांबली हे गाडीलाही कळू नये. उकंडराव उतरेनात. त्याने भीत भीत शेजारी पाहिले. सासरेबुवा काचेला डोके टेकून ढाराढूर झोपले होते!

भागिरथाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. "पाव्हने कुठी हायेत?"

"हळू बोल ना माय! झोपले."

"बाप्पा! मंग उठव त्यायले! चहा उकळून उकळून काढा झाला!"

"नाई व. निकाल लागला!" संघदीप कुजबुजला. आनंदाने त्याचे डोळे भरून आले. मागचे पॅसेंजर चपला हातात घेऊन उतरले. राजपालने तर गल्लीतल्या कोंबड्याही हाकलल्या.

उकंडराव उठले ते एकदम प्रसन्न होऊन. ओळीने दोन कप चहा प्याले आणि तारीख धरायची बोलणी सुरू केली.

संध्याकाळी सपनाचा फोन आला. संघदीप खाटेवर पडून, गालातल्या गालात हसत ऐकत होता.

"बाबा लई खुश हायेत. म्हंतात, पोरगं गुनाचं हाये. पन बाबाच्या सदऱ्यावर हा येवढा डाग कायचा हो?"

"प्रवासातला," संघदीप पुटपुटला.

"समजलं मले! बाबानं सारं सांगतलं. आयका, लग्नात मी पांढरी साडी नेसनार हाओ. आदल्या राती तुमी नीट झोपून घ्या. हो म्हना!"

त्यावर संघदीपने दिलेले उत्तर सपनाने पुढे साऱ्या नातेवाइकांना ऐकवले. तो घोरत होता!