शिंगांसाठी भरलेली सभा

एका जंगलात एक शाळा होती, आणि त्या शाळेतल्या मुलांची काळजी, मुलं सोडून, सगळ्यांना फार होती. ऐका हं बाळांनो. नीट मांडी घालून बसा, आणि मध्ये प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारला की काय होतं, तीच ही गोष्ट आहे.

शाळा हिरड्याच्या झाडाखाली भरायची. हेडमास्तर होते साळिंदर. फार विद्वान. कोणी काही विचारलं की त्यांच्या अंगावरचे काटे उभे राहत, त्यामुळे सहसा कोणी विचारत नसे. वर्गावर साळुंकीबाई होत्या. प्रेमळ, बोलक्या, जरा जास्तच उत्साही.

पूर्वी या शाळेत एकच ओळ घोकून घेत. नराला शिंगं, मादीला नाहीत. ओळ पाठ झाली की सुट्टी. गव्याच्या बायकोला चांगली हातभर शिंगं होती, पण तिला कोणी शाळेत बोलावलं नव्हतं.

मग एक दिवस मोठ्या जंगलातून हुकूम आला. जुनी ओळ बंद. आता नवा धडा, "मी कोण?"

बाईंना आनंद झाला. म्हणाल्या, "मुलांनो, डोळे मिटा. आत बघा. आता सांगा, तुम्ही कोण?"

माकडाचं पोर म्हणालं, "बाई, आत भूक आहे."

ससा म्हणाला, "मी वाघ."

"छान!" बाई म्हणाल्या. त्यांना सगळंच छान वाटायचं.

चितळांचं एक पाडस होतं, माणिक नावाचं. ते उठलं, बाईंच्या अगदी जवळ गेलं आणि कानात म्हणालं, "बाई, मला आतून वाटतं की मी हरणी आहे."

बाईंचे डोळे भरून आले. नव्या धड्याला मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर. त्यांनी ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मग सगळ्या वर्गाला बजावलं, "घरी कोणी सांगायचं नाही हं. ही माणिकची खाजगी गोष्ट आहे."

संध्याकाळच्या आत माकडांनी ती गोष्ट जंगलभर पोचवली.

माणिकची आई यमुनाबाई तेव्हा बेलाच्या झाडाखाली पूजेला बसली होती. तिचे सोळा सोमवार चालू होते. माणिकला लवकर आणि भरदार शिंगं यावीत म्हणून. दिवसभर निरंकार, आणि वर महादेवाला बेल वाहायचा. एकही पान न चावता बेल वाहणं ही हरणासाठी केवढी तपश्चर्या आहे, ते तुम्हाला नाही कळायचं.

तेवढ्यात घोरपडवहिनी आल्या. या बाईंनी एकदा विषय धरला की सोडत नसत.

"यमुनाबाई, आधी खाली बसा."

"बसलेच आहे वहिनी."

"तुमच्या माणिकला शाळेने हरणी केलं."

"असं कसं करतात हो कोणाला?"

"फळ्यावर लिहून करतात! आमच्या पोराने डोळ्यांनी पाहिलं. आज तुमचं, उद्या आमचं. काल मला विचारतो, आई, आपण भिंतीला का चिकटतो? बघा! सुरू झाले प्रश्न!"

यमुनाबाई घरी धावली. भास्करराव, म्हणजे माणिकचे वडील, झुडपाआड बसले होते. चितळांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, आणि भास्कररावांची नुकतीच गळली होती. एरवी अशा दिवसांत ते कोणाच्या नजरेला पडत नसत. पण बातमी ऐकून ताडकन उठले.

"सभा बोलवा! आणि मला दोन वाळक्या फांद्या आणून दे. डोक्याला बांध."

"अहो, पण आधी माणिकला विचारू की."

"त्याला काही विचारायचं नाही. आणखी काहीतरी सांगायचा. आधी सभा होऊ दे."

तिकडे शाळेत हेडमास्तर बाईंना म्हणाले, "त्या पाडसाशी आता एक शब्द बोलू नका. आधी सभा होऊ दे."

असं सगळं अगदी शिस्तीत ठरलं. माणिकशी कोणी बोलेना.

माणिकने चरणं सोडलं. कोवळं गवत समोर असलं तरी ते नुसतं बघत बसे. यमुनाबाईला वाटलं, पोराने आपल्याबरोबर उपास धरला. काळजीतही तिला मनातून बरं वाटलं. संस्कार कुठे जातात, ती स्वतःशी म्हणाली.

पाणवठ्याजवळ सभा भरली. झाडून सगळं जंगल आलं. भास्करराव डोक्यावर फांद्या मिरवत मध्यभागी उभे राहिले. एका फांदीला अजून एक पान होतं.

"आमच्या मुलाला शिंगं येणार की नाही, हे ठरवणारी शाळा कोण?" ते गरजले. "नर म्हणजे शिंगं! शिंगं म्हणजे नर!" आणि मान अशी झटकली की उजवी फांदी घसरून डोळ्यावर आली. ती तशीच डोळ्यावर ठेवून ते पुढे बोलत राहिले. कोणी हसलं नाही. सभा गंभीर होती.

हेडमास्तरांचे काटे उभे राहिले. "शाळेच्या वेळेत मूल शाळेचं असतं. पालकांची समज कमी पडते. पालकांनाच एक वर्ग लावावा लागेल."

"आम्हाला वर्ग? माझी शेपटी बघा केवढी आहे!" घोरपडवहिनी म्हणाल्या. शेपटीचा काय संबंध ते कोणाला कळलं नाही, पण टाळ्या पडल्या.

यमुनाबाई हळूच उठली. "हेडमास्तर, माझं मूल शाळेत मनातलं काही बोललं, तर ते मला घोरपडवहिनींकडून कळावं का?"

"ते धोरणात बसत नाही," हेडमास्तर म्हणाले.

"तू मध्ये बोलू नकोस," भास्करराव म्हणाले.

दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतंच.

खाली बसता बसता घोरपडवहिनींनी तिच्यापुढे मूठभर बोरं केली. "घ्या हो, बुधवारचा कसला उपास?"

यमुनाबाईचा घास हातातच राहिला. बुधवार. आज बुधवार. मग माणिकने कसला उपास धरलाय? आणि माणिक आहे कुठे?

ती सभेतून निघाली. हाका मारत ओढ्याच्या काठाने धावली. त्या ओढ्यावर बिबट्या पाण्याला येतो, हे सगळ्या जंगलाला माहीत होतं. करवंदीच्या जाळीत अखेर दोन मोठाले कान दिसले.

"बाळा! इथे का येऊन बसलंस?"

"मी बाईंना हळूच सांगितलं होतं गं," माणिक म्हणालं. "त्यांनी फळ्यावर लिहिलं."

"मग मला का नाही सांगितलंस? मी काय परकी आहे?"

माणिक म्हणालं, "तू माझ्या शिंगांसाठी उपाशी राहतेस. तुला कसं सांगू?"

इतके सोमवार यमुनाबाईने महादेवाकडे मन लावून मागितलं होतं, आणि जवळ उभं असलेलं मूल ते सगळं ऐकत होतं.

माणिक कोण होतं, ते तिला अजूनही कळलं नव्हतं. तिला भीतीही वाटत होती. पण तिने माणिकचं कपाळ चाटलं आणि मनात म्हणाली, देवा, शिंगांचं तू बघ. द्यायचीस तर दे, नाहीतर राहू दे. माझ्या मुलाला मला काही सांगायची भीती वाटू नये, एवढंच मागते. उरलेले सोमवार आता त्यासाठी.

"खाणार का काही?" तिने विचारलं.

"तू पण खाणार?"

"मी पण खाणार. खाता खाता सांग मला. सावकाश सांग."

दोघं ओढ्याकाठी चरू लागली. माणिक सांगत होतं, यमुनाबाई ऐकत होती. मध्ये तिला काही समजलं नाही की ती म्हणे, "थांब, हे परत सांग."

तिकडे सभेने ठराव केला की नवा धडा बंद, जुनी ओळ पण बंद, आणि दोन्हींचा विचार करायला एक समिती. भास्कररावांनी हेडमास्तरांना हार घातला. तो काट्यांत अडकला, पण फोटो काढल्यासारखे सगळे हसत उभे राहिले. ज्याच्यासाठी सभा भरली ते पाडस सभेत नव्हतंच, हे शेवटपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही.

तात्पर्य: मुलाच्या मनात काय आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर शेजारणीला विचारावं, शाळेशी भांडावं, सभा भरवावी. मुलाला मात्र चुकूनही विचारू नये. ते खरं सांगून मोकळं होतं, आणि मग आपल्याला ऐकत बसावं लागतं.