धूर शोधणारे तात्या

आमच्या गल्लीत विजेवरची गाडी शिरली की तात्या तिच्या मागे जाऊन कमरेत वाकतात. एक हात गुडघ्यावर, चष्मा कपाळावर. मग सरळ होऊन मालकाला विचारतात, "हिचा धूर कुटं दडवलाय?"

मालक हसतो. तात्या हसत नाहीत.

मी भरे गावात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते आणि पिरंगुटला कारखान्यात नोकरी करते. विजेवरची गाडी घेऊन पहिल्यांदा दारात आले, तेव्हा हातातला पेढा तसाच धरून तात्यांनी तिची चौकशी आरंभली, सोयरीक जुळवायला बसल्यासारखी. "जलमली कुटं? खाती काय? आन् मेल्यावर पुरायची कुटं?" बॅटरीसाठी परमुलखात डोंगर खणतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "आमच्या धरणाची वीज गेली मुंबईला. तुमी गाडीत भरताय चंद्रपूरचा कोळसा. धूर हितला तितं गेला, येवढंच."

मीही ऐकून घेणारी नाही. कोळशाची वीज धरली, बॅटरीच्या खाणी धरल्या, तरी गाडी पुष्कळ वर्षं चालवली की पेट्रोलपेक्षा एकूण घाण कमीच होते, हे मी त्यांना दोन वर्षं सांगतेय. तात्या म्हणतात, "चालवाल तवा. आत्ताच पुढच्या गाडीच्या जाहिराती बघताय." त्या मी खरंच बघत होते, म्हणून मी विषय गिझरवर नेला. "तुमच्या भाडेकरूंच्या गिझरला कोळसा लागत नाही वाटतं?"

"गिझर हिंडत न्हाई," तात्या म्हणाले.

त्यांची स्वतःची पेट्रोलची जुनी गाडी शेडमध्ये असते. हाय ती मोडस्तवर वापरायची, हा त्यांचा बाणा. आठवड्याच्या बाजाराला ती निघाली की मी खोलीच्या खिडक्या लावून घेते. तात्या खालून मुद्दाम दोनदा जास्त रेस करतात.

त्यांचा मुलगा विलास महाळुंग्याला फ्लॅटमध्ये राहतो. तात्या एकटेच, काकू गेल्यापासून स्वयंपाकही स्वतःच करतात. मागच्या वर्षी विलासने विजेवरची गाडी घेतली आणि तात्या आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जणू मीच त्याला नादी लावलं! सोसायटीत चार्जिंगवरून भांडणं, त्यामुळे विलास दर रविवारी गाडी इथे आणून पाण्याच्या मोटारीच्या प्लगला लावायला लागला. हळूहळू भरते ती. सकाळी लावली की संध्याकाळपर्यंत मुक्काम.

"घरात जळता इस्तू घेतला म्या," तात्या गावभर सांगत फिरायचे. पण प्लगची वायर उंदरांनी कुरतडली, तर दुसऱ्या दिवशी नवी वायर आणून त्यांनी स्वतःच बसवली. मी विचारलं तर म्हणाले, "शॉक लागंल कुनाला. तुमाला काय करायचंय?"

गेल्या रविवारी विलास मोठा चार्जर आणि इलेक्ट्रिशियन घेऊनच आला. भिंतीवर बसवला की दोन-तीन तासांत गाडी भरणार होती. तात्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "भित माझी हाय. भोक पाडायचं न्हाई."

"तात्या, खर्च मी करतोय."

"डोंगर खणून आणलेली बॅटरी, कोळसा जाळून आणलेली वीज, आन् वर ही घाई? न्हाई म्हंजे न्हाई!"

इलेक्ट्रिशियन मशीन हातात धरून ताटकळला. विलास वैतागला. "मॅडम, तुमची पण गाडी आहे. तुम्ही तरी समजवा यांना," म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.

मी तोंड उघडणार, तोच तात्या हळूच म्हणाले, "आदीची गाडी दारात बंदबी करत नव्हता त्यो. काचंतनं माझ्या गोळ्यांची पिशवी द्यायचा आन् जायचा."

विलास बाहेर आला. मी म्हटलं, "तात्यांचं बरोबर आहे. हळू भरलेलीच बरी. मीसुद्धा हळूच भरते." हे साफ खोटं होतं, मी कारखान्यातल्या मोठ्या चार्जरवर भरते.

विलासने सुस्कारा टाकून गाडी मोटारीच्या प्लगला लावली आणि ओसरीवर आडवा झाला. इलेक्ट्रिशियन सामान आवरून गेला. तात्या माझ्याकडे न बघता आत गेले आणि त्यांनी दोघांचा भात टाकला.