घोंगडीच्या पट्टीवर बसवलेली मान

"या सायकलीची मान ताठ केली न्हाई, तर नाव बंकट सांगणार न्हाई!" शिरूर कासारच्या चहाच्या टपरीवर बंकटनं असं जाहीर केलं आणि चारचौघांनी बिस्किटं बुडवता बुडवता ते ऐकून घेतलं.

सायकल काही साधीसुधी नव्हती. बीडच्या एका रिटायर इंजिनिअरनं एका मेंढ्याच्या बदल्यात दिलेली ती जुनी रेसची सायकल. तिचं हँडलही मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं! ब्रेक तेव्हाही नव्हते, आताही नाहीत. बाकीचे मेंढपाळ कळपापुढं पायी चालायचे, बंकट सायकलवर. हँडलला मेंढीच्या गळ्यातली घंटा बांधलेली. घंटा जिकडं, साठ मेंढ्या तिकडं! मालक कोण हे त्यांना कधी कळलंच नव्हतं, सायकल मात्र बरोबर कळायची.

दुखणं एकच होतं. त्या हँडलवर ओणवं राहून वीस वर्षांत बंकटनं पुढचं चाक आणि त्याखालचा रस्ता एवढंच जग पाहिलं होतं. आभाळ बघायचं तर खाली उतरावं लागे. पन्नाशी आली, कंबर कुरकुरायला लागली आणि त्याला स्वप्नं पडू लागली. दुपारी लिंबाखाली डोळा लागला की आपण ताठ बसलोय, वारा छातीवर येतोय, समोर डोंगराची निळी कड आहे आणि मागून साठ काळ्या मेंढ्या ढगांसारख्या तरंगत येताहेत, असं काहीबाही दिसायचं. जाग आली की कुणीतरी मेंढी धोतर चघळत असायची.

शेवटी पुतण्या धावून आला. सत्यम पुण्यात सायकलच्या दुकानात कामाला. त्यानं नव्या चालीची, वर उचललेली मान, म्हणजे हँडल पेलणारा दांडा, पार्सलनं पाठवली आणि फोनवर बजावलं, "काका, जुनी मान नळीच्या आत बसती, नवी बाहेरून आवळती. म्हणून मधी जोडनळी दिलीय. आतलं तेल नीट पुसा आन् सोबतच्या किल्लीनं बोल्ट दम लावून आवळा."

जुनी मान गंजून अशी बसलेली की चार दिवस तिला करडईचं तेल पाजावं लागलं. पाचव्या दिवशी ती निघाली आणि मान हातात घेऊन बंकट उताणा पडला! जोडनळी घातली तर ती केसभर बारीक. सत्यम म्हणाला, "थांबा काका, दुसरी पाठवतो."

थांबेल तो बंकट कसला! त्यानं जुन्या घोंगडीची पट्टी फाडली आणि नळीला गुंडाळली. "घोंगडी थंडी अडवती, पाऊस अडवती. बोटभर नळी अडवायला तिला काय धाड भरलीय?" आतलं तेल पुसायचं राहिलं, पण ते पट्टीनं आपोआप पिऊन टाकलं. दुप्पट फायदा!

बायको रतनबाईनं हँडलला हात लावून बघितला. "अवो, ही हलती की."

"नवी हाय गं. बुजलीय!"

रतनबाई बिऱ्हाड बांधायला वळली. तिला कमी बोलायची सवयच झाली होती. चार वर्षांमागं तिच्या भावाच्या, उत्तरेश्वरच्या पोरीच्या लग्नात बंकटला मानाचा फेटा बांधायचा राहून गेला. तेवढ्यावर बंकटनं भर मांडवात सांगितलं, "माझ्या मेंढीचा पाय तुझ्या रानात पडायचा न्हाई!" उत्तरेश्वरही म्हणाला, "नगं पडू!" तेव्हापासून चार भाऊबिजा कोरड्या गेल्या. माहेर चार कोसांवर, पण जाता येत नव्हतं. भाऊबिजेला ती ओवाळायचं ताट घासून पुसून पुन्हा गाठोड्यात बांधून ठेवायची आणि बंकट त्या दिवशी मुद्दाम लांब चारायला जायचा. वाईट त्यालाही वाटत होतं. पण बोललेला शब्द गिळायचा कसा?

यंदाची भाऊबीज आठवड्यावर आली होती. त्या संध्याकाळी कळप दोस्त शहादेवच्या रानात बसवायचा होता. मेंढ्या रात्रभर बसल्या की रानाला खत मिळतं, म्हणून शेतकरी स्वतः येऊन बोलावतात. कळप बसणं म्हणजे रानाचा मानच! शहादेवचं रान फाट्यावरून डावीकडं. फाटा सोडून सरळ उतार लागतो, त्याच्या तळाला उत्तरेश्वरचं रान.

बंकट निघाला आणि काय सांगावं! ताठ बसल्यावर जगच निराळं दिसलं. आभाळ केवढं तरी होतं. डोंगरावर ऊन केशरी होऊन सांडलं होतं. बगळ्यांची रांग चालली होती. घंटा किणकिणत होती, मागं कळप, कळपामागं घोडीवर बिऱ्हाड लादून रतनबाई. आपण रस्त्यावर नाहीच, कुठंतरी अधांतरी चाललोय, असं बंकटला वाटलं. डोळे भरून आले त्याचे.

फाटा आला. बंकटनं मोठ्या डौलात हँडल डावीकडं वळवलं.

हँडल वळलं, चाक सरळच राहिलं!

"ए! ए! थांब बे!" बंकट ओरडला. सायकल थांबली नाही. त्यानं हँडल पार आडवं केलं. चाकानं ते मनावरच घेतलं नाही. उतार आला, घंटा ठणाणा वाजायला लागली आणि घंटेमागं साठ मेंढ्या उधळल्या. नांगरलेल्या भुसभुशीत रानात सायकल रुतली, बंकट ढेकळांत पालथा पडला आणि मेंढ्या त्याच्याभोवती गोल करून निवांत बसल्या. कळप बसला!

उत्तरेश्वर गोठ्यातून पळत आला. रानात कळप बघून तो बांधावरच थबकला. "दाजी! तुमी... न बोलावता?"

तोंडातली माती थुंकून बंकट उठला. खरं सांगावं असं त्याला एकदा वाटलं. पण तेवढ्यात त्यानं मागं पाहिलं. रतनबाई घोडीचा दोर सोडून भावाकडं पळत येत होती. बंकटनं कंबर ताठ केली आणि म्हणाला, "म्हटलं, किती दिवस रुसायचं? जावं आपणच!"

"दाजी, मन लई मोठं हाय तुमचं!" उत्तरेश्वरनं स्वतःच्या डोक्याचा फेटा काढून त्याच्या डोक्यावर बांधला. बहीणभाऊ गळ्यात पडून रडले. तेवढ्यात बंकटचा फोन वाजला. शहादेव! "कुठं मेलास बे? वाट बघून डोळे दुखायले!"

"सायकलला इचार," बंकट हळूच म्हणाला आणि फोन बंद केला.

सकाळी कुणी उठायच्या आत त्यानं किल्ली शोधायला घेतली. पिशवीत नाही, खिशात नाही, ढेकळांतही नाही.

"काय हुडकायलाव?" मागून रतनबाईनं विचारलं.

"किल्ली. हँडल जरा वाऱ्यानं फिरलंय."

रतनबाईनं सायकलीकडं बघितलं. चाक भावाच्या दाराकडं होतं, हँडल शहादेवच्या रानाकडं. मग तिनं पदराची गाठ चाचपली. गाठीत किल्लीएवढं काहीतरी होतं.

"भाऊबीज झाली की देते," ती म्हणाली. "तवर चला पायी!"