सत्तेचाळीसावा नग

ती यादी ज्या कोणी लिहिली, त्याने कंपनीच्या काचेच्या केबिनमधून बाहेर यावं आणि तोंड दाखवावं. शेहेचाळीस वस्तू लिहायला त्याच्याकडे वेळ होता. 'चमचे, सहा' लिहायला होता, 'चाकाखाली द्यायच्या पाचरी, दोन' लिहायला होता. पण यादीच्या डोक्यावर ही यादी कशाची आहे, एवढी एक ओळ लिहायची म्हटल्यावर त्याच्या हाताला काय लकवा भरला होता? पुढे जे काही झालं त्याला तो आणि तोच जबाबदार आहे, असं उस्तादचं म्हणणं आहे. आणि उस्ताद उगाच कुणाच्या अंगावर जाणारा माणूस नाही.

उस्ताद म्हणजे घरसामान हलवणाऱ्या कंपनीतला सगळ्यात जुना पॅकर. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून ना कप फुटला ना आरसा तडकला. त्याचे नियम साधे होते. सकाळी ऑफिसातून चिठ्ठी आली की चिठ्ठीत लिहिलंय ते सगळं चढवायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. खोक्यावर आत काय आहे ते लिहायचं नाही, फक्त नंबर टाकायचा आणि तपशील वहीत ठेवायचा, कारण 'चांदीची भांडी' असं बाहेर लिहिलं की चोरांची सोय होते. आणि दुसऱ्याचं बंद कपाट, घरधनी समोर असल्याशिवाय, मरेपर्यंत उघडायचं नाही. या तिसऱ्या नियमावर त्याची सगळी इज्जत उभी होती.

त्याची बायको सरकारी दवाखान्यात नर्स. तिला वॉर्डात सिस्टर म्हणत, गल्लीत सिस्टर म्हणत, दूधवालाही सिस्टर म्हणे. चार वर्षं अर्ज करकरून तिला आठ दिवसांची सलग रजा मिळाली होती. तिने जाहीरच करून टाकलं होतं, "आठ दिवस हा पांढरा युनिफॉर्म मी डोळ्यांनी बघणार नाही. आणि आठ दिवसांत मला सिस्टर म्हणेल त्याला मी इंजेक्शन देईन. मोठ्या सुईचं."

जायचं होतं बेटावर. उस्तादच्या सासूबाईंची थोरली बहीण तिथे राहायची, आणि दोघी बहिणी नऊ वर्षांत भेटल्या नव्हत्या. थोरली आता नव्वदीला टेकली होती. फोनवर रोज विचारायची, "येतेस, की फोटोतच बघू?" बेटावर गाड्या नेणारी बोट आठवड्यातून दोनदा, शनिवारी आणि मंगळवारी. सासूबाईंना पाठीमुळे फार वेळ बसवत नाही, म्हणून कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली होती. आतच ओटा, आतच झोपायची सोय. वाटेत त्यांना आडवं पडता यावं, एवढाच त्यातला हेतू.

बुकिंग झालं आणि गाडीच्या कंपनीकडून मोबाइलवर ती यादी आली. उस्तादने ती वाचली, दोनदा वाचली, आणि कानावर पेन्सिल खोचली.

"गॅसची शेगडी, दोन बर्नरची, एक. घडीचं टेबल, एक. घडीच्या खुर्च्या, चार. पाण्याचा पाइप, वीस मीटर. आग विझवायचं नळकांडं, एक..."

"एवढं सगळं आपण न्यायचं?" सिस्टरने विचारलं.

"यादीत आहे."

"पाण्याची टाकी, सत्तर लिटर? अहो, गाडीत टाकी नसते?"

"असती तर यादीत कशाला लिहिली असती? डोकं वापर जरा."

"आणि हे काय? पलंग, दुहेरी, एक?"

इथे उस्तादही क्षणभर थांबला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याने कंपनीला फोन केला. एका गोड आवाजाने सांगितलं की तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मग सनई का पिपाणी असलं काहीतरी पाऊण तास वाजलं, मग तोच आवाज परत म्हणाला की तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, आणि फोन कट झाला. आता सांगा, माणसाने आणखी काय करायचं? उस्तादने पाना घेतला आणि घरचा पलंग नऊ मिनिटांत सुटा केला. स्क्रू पिशवीत, पिशवीला गाठ, गाठीला नंबर.

"माझी आज रात्रपाळी आहे, पण तुम्ही झोपणार कुठे?" सिस्टरने कपाळाला हात लावला.

"एका रात्रीचा तर प्रश्न. उद्यापासून पलंग आपल्यासोबतच आहे."

टाकी त्याने बाजारातून आणली. छोटा फ्रिज शेजाऱ्यांकडून मागून आणला. नळकांडं कामावरून आलं. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस वस्तू कागदात, फुग्यांच्या प्लास्टिकात, खोक्यात, वर तपकिरी पट्टी, वर नंबर. सासूबाई सोफ्यावर बसून हे सगळं बघत होत्या.

"जावईबापू, कपडे?"

"कपडे यादीत नाहीत."

"म्हणजे उघड्याने जायचं?"

उस्तादला हे पटलं नाही, पण त्याने सिस्टरची बॅग घेतली. तिच्यात तिचे नवे कोरे आठ ड्रेस, सासूबाईंचे कपडे आणि त्यांनी बहिणीसाठी वर्षभर विणलेला निळा स्वेटर होता. मोकळी बॅग गाडीत टाकणं म्हणजे त्याच्या धंद्याला काळिमा. बॅग खोक्यात गेली. नंबर सत्तेचाळीस.

शनिवारी सिस्टर रात्रपाळी संपवून थेट कंपनीच्या आवारात आली, युनिफॉर्ममध्येच. कपडे बंदरावर बदलायचं ठरलं होतं. उस्ताद सासूबाईंना आणि सगळी खोकी टेम्पोतून घेऊन आधीच पोचला होता. कंपनीचं मात्र आवारात चिटपाखरू नव्हतं. किल्ली भिंतीवरच्या पेटीत, पेटीला नंबरचं कुलूप, आणि समोर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र. कॅम्परव्हॅनच्या आत दोन्ही बाजूंना खालपासून वरपर्यंत कपाटं होती, सगळी बंद.

"आत काय आहे बघा की," सिस्टर दारातून म्हणाली.

"कंपनीची कपाटं आहेत. कंपनीचा माणूस इथे आहे का? नाही. मग हात लावायचा नाही."

पस्तीस मिनिटांत त्याने गाडी छतापर्यंत भरली. एक बोट घालायला जागा राहिली नाही. अंग टेकायला तर नाहीच. सासूबाई पुढच्या सीटवर दोघांच्या मधे बसल्या, मांडीवर चौतीस नंबरचं खोकं.

"मला आडवं पडता यावं म्हणून ही गाडी घेतली होती ना?"

"आई, सामान नीट बसलंय बघा."

"सामान बसलंय. मीच तेवढी लोंबकळतेय."

शहर मागे पडलं आणि मागून आवाज यायला लागला. किण्. किण् किण्.

"चमचे वाजतायत," सासूबाई म्हणाल्या.

उस्तादच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "माझ्या खोक्यातले चमचे वाजत नाहीत."

किण् किण्.

"मग काय चोरून कुणी आपल्याबरोबर येतंय?"

उस्तादने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागचं दार उघडलं, शेवटी चढवलेल्या भांड्यांच्या खोक्यांचे नंबर लक्षात होते म्हणून नेमकं सव्वीस नंबर काढलं, फोडलं. सहा चमचे, एकेक वेगळ्या कागदात, जागचे हललेले नाहीत. तरी त्याने त्यांना दुसरा कागद गुंडाळला आणि नवी पट्टी मारली. वीस मिनिटं गेली. गाडी सुरू झाली. किण्. पुन्हा कडेला. या वेळी त्याने कपबश्या उघडल्या, पातेली उघडली, झाऱ्यालासुद्धा मोज्यात घातलं. चाळीस मिनिटं. सिस्टर घड्याळ बघत होती आणि तिच्या नाकाचा शेंडा पांढरा पडत चालला होता. सव्वीस वर्षांच्या अब्रूवर किण् किण् असा हातोडा बसतोय, हे त्या दोघींना कळत नव्हतं, आणि यादी लिहिणारा तिकडे शनिवारची सुट्टी खात होता.

बंदरावर पोचले तेव्हा बोट सुटायला अर्धा तास होता. फाटकापाशी गाड्यांचा वजनकाटा, आणि काट्याच्या खोलीत चष्मा नाकावर घेतलेल्या एक बाई. कॅम्परव्हॅन काट्यावर चढली. बाईंनी आकडा बघितला, मग गाडी बघितली, मग पुन्हा आकडा.

"दोनशे चाळीस किलो जास्त. उतरवा."

"काय उतरवा?"

"ते मी कसं सांगू? सामान तुमचं. पंचवीस मिनिटांत फाटकाला साखळी पडते. नाहीतर मंगळवारची बोट."

"मंगळवारी गेलो तर माझी अर्धी रजा इथेच संपेल!" सिस्टर म्हणाली. सासूबाईंनी फक्त बेटाच्या दिशेने बघितलं, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

"अहो, टाकी काढा आधी. मग तो फ्रिज. टाकी कुठल्या नंबरात?"

"वहीत आहे."

"वही कुठे आहे?"

उस्तादने घसा खाकरला. "एक नंबरात."

"आणि एक नंबर?"

"सगळ्यात आधी चढवला. म्हणजे सगळ्यात आत. नियमच आहे तो."

मग काय, खोकी धडाधड धक्क्यावर यायला लागली. दहा-बारा खाली आली, आणि एका बाजूची कपाटं मोकळी झाली. सासूबाईंना तहान लागली होती. त्या दोन पायऱ्या चढून आत गेल्या. त्यांचा ना पॅकिंगशी संबंध ना कुणाच्या इज्जतीशी. त्यांनी समोरचं कपाट सरळ उघडलं.

"जावईबापू," आतून शांत आवाज आला, "इथे कुणाचातरी संसार आहे."

सिस्टर धावली. शेगडी, दोन बर्नरची, एक. तिने दुसरं दार ओढलं. पातेली, तीन. तिसरं. घडीच्या खुर्च्या, चार, पट्ट्याने बांधलेल्या. खणात सहा चमचे, मोकळे, एकमेकांना लागून. तिने खण हलवला. किण् किण्.

तिने मोबाइल काढला, यादी उघडली आणि कपाटांवरून बोट फिरवत गेली. सीट ओढली, तिचा पलंग झाला, दुहेरी, एक.

"ही न्यायच्या सामानाची यादी नाहीये हो. गाडीत जे आधीच आहे, त्याची यादी आहे!"

उस्ताद धक्क्यावर उभा होता, हातात घरच्या पलंगाची फळी. "मग तसं वर लिहायचं ना!" तो इतक्या जोराने ओरडला की काट्यावरच्या बाईंचा चष्मा खाली आला. "एक ओळ! एक मथळा! शेंबडं पोरसुद्धा वहीवर 'गणित' लिहितं! मी काय अंतर्ज्ञानी आहे?"

"कपाट उघडलं असतं तरी चाललं असतं."

"दुसऱ्याचं कपाट?"

"सतरा मिनिटं," बाई खिडकीतून म्हणाल्या. "त्या शेडमध्ये ठेवा पाहिजे तर. परत येताना न्या."

"सगळी खोकी उतरवा," सिस्टर म्हणाली. "आई, चल, तू आडवी पड आता." आणि ती कागदपत्रांवर शिक्के घ्यायला खिडकीकडे पळाली.

त्या सतरा मिनिटांत उस्तादने जे केलं ते त्याच्या कंपनीतल्या पोरांनी बघायला हवं होतं. राग होता, आणि रागात त्याचे हात दुप्पट चालतात. अकरा मिनिटांत गाडी रिकामी. आणि रिकामी म्हणजे रिकामी: शेडमध्ये खोक्यांची सरळ भिंत, पुठ्ठ्याचा तुकडा नाही, पट्टीचा कपटा नाही. उरलेल्या वेळात त्याने गाडीतल्याच, कंपनीच्या झाडूने गाडी झाडून काढली. झाडू वापरला, पण परत जागेवर ठेवला. शेवटची गाडी म्हणून ते बोटीवर चढले आणि मागे साखळी पडली.

बोट हलली. सासूबाई कंपनीच्या पलंगावर पाय पसरून झोपल्या, नऊ वर्षांनी कुणीतरी भेटणार आहे अशा चेहऱ्याने. उस्ताद वरच्या बाकावर बसला आणि खिशातून कागद काढून कंपनीला पत्र लिहायला लागला. अक्षर ठसठशीत, प्रत्येक ओळीत कागद फाटेल इतका जोर. 'आपण पाठवलेल्या यादीला मथळा नव्हता. मथळा नसलेला कागद माणसाच्या हातात देणे ही फसवणूक आहे. ज्याने हे केले त्याचे नाव कळवावे. त्याने असे का केले याचे लेखी उत्तर...'

"सिस्टर!" पलीकडच्या बाकावरून एक गृहस्थ हात करत होते. चेहरा हिरवा पडलेला. "सिस्टर, जरा बघता का? फार मळमळतंय हो."

सिस्टरने त्यांना बघितलं. पिशवी दिली, पाठ चोळली, लांब बघत राहा म्हणून सांगितलं. तोपर्यंत आणखी दोघं रांगेत उभे होते. युनिफॉर्म लांबून दिसतोच. तिघांचं उरकून ती उस्तादसमोर आली.

"बोट बेटाला लागायच्या आत मला हे अंगावरचं बदलायचंय. बॅग द्या."

"कुठली बॅग?"

"माझी. आठ ड्रेसवाली. आईने विणलेला स्वेटर आहे त्यात."

उस्तादचं पेन थांबलं. त्याने हळूच मागे बघितलं. किनाऱ्यावर शेडचं पत्र्याचं छप्पर उन्हात चमकत होतं, नखाएवढं.

"तू म्हणालीस ना, सगळी खोकी उतरवा."

"यादीतली! शेहेचाळीस! सत्तेचाळीस कशाला उतरवलं?"

"सगळी एकसारखी असतात गं. हातासरशी गेलं."

"एकसारखी? वर काय लिहिलं होतं त्याच्यावर?"

"सत्तेचाळीस."

सिस्टरने त्याच्या मांडीवरचा कागद उचलला. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली, जरा मोठ्याने. मग कागद त्याच्या हातात परत ठेवला आणि पांढऱ्या युनिफॉर्मच्या कमरेवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"छान लिहिलंय. आता मला सांगा, खोक्यावर 'कपडे' एवढी तीन अक्षरं लिहायला तुमच्या हाताला काय झालं होतं? मंगळवारच्या बोटीने नको. आत्ता उत्तर द्या."