उजव्या कानाचा दाखला

राधिकाची सुपारी फुटली आणि आखाडा बाळापूरचे होणारे व्याही भिवाजी संपतरावांना मानाची टोपी घालायला पुढे झाले. संपतरावांनी मान मागे केली. त्याबरोबर गोरेगावचा अख्खा मांडव गरकन फिरला. व्याह्यांच्या धोतराला धरून ते कोसळले आणि तिथेच ओकले.

"सकाळी धा वाजता?" भिवाजी म्हणाले. "पोरीच्या सुपारीला तरी दम धरायचा, पाव्हणं!"

संपतरावांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता. पण तोल गेलेल्या माणसाचे निदान गाव डॉक्टरच्या आधी करते. आठवड्यात बाळापूरचा निरोप आला : तारखेचं मागाहून पाहू. राधिकाच्या आधीच्या दोन सोयरिकी अशाच मागाहून पाहण्यात गेल्या होत्या.

"आवो, दाखवा कुठंतरी," बायको यशोदाबाई म्हणाल्या. "लेकरू जेवून न्हाई राहिलं."

पहिल्या डॉक्टरने रक्तदाब मोजला. दुसऱ्याने मानेला पट्टा बांधला. पट्टा पाहून गावाने ठरवले की संपतराव पिऊन पुन्हा पडले.

हिंगोलीच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र त्यांची मान उजवीकडे वळवली, झटकन उताणे निजवले आणि डोळ्यांत पाहिले. बुबुळे थरथरत होती.

"उजवा कान. आतले चुनखडीचे कण तोल सांभाळणाऱ्या नळीत घसरलेत." ठरावीक क्रमाने डोके फिरवून त्यांनी ते नळीबाहेर काढले. पाच मिनिटांत जग जागेवर आले.

"मॅडम, हे लेखी द्या."

बाई प्रामाणिक होत्या. चक्कर कानामुळे आली, दारूचा संबंध नाही, हे त्यांनी लिहिले. पुन्हा उद्भवू शकते, हेही लिहिले.

दाखला लॅमिनेट करून संपतराव बाळापूरला पोचले. भिवाजींनी तो दोनदा वाचला.

"दारू असती तं सोडवली असती, पाव्हणं. हे तं अंगातलं निघालं. उद्या नातवंडं भेलकांडली तं?"

"खानदानी रोग न्हाई हो ह्यो!"

"पुना येते म्हनून बाईनंच लिवलं की."

संपतरावांना राधिकाचे हात न लावलेले ताट आठवले. त्यांनी दाखला फाडायला घेतला, लॅमिनेशन फाटेना.

"खोटा हाय ह्यो कागद," ते म्हणाले. "पेलोच व्हतो मी त्या दिशी."

"मंग आधीच सांगायचं!" भिवाजींनी त्यांना मिठीच मारली. "आमचं पोरगं बी रोज घेते. तुमाला कसं सांगावं, हीच तकलीफ व्हती. आता काढा तारीख."

संपतरावांनी तोंड उघडले. पण दारुड्या सासऱ्याने जावयाला कोणत्या तोंडाने बोलावे, हे त्यांना सुचेना.